चालायचं, पण कुठपर्यंत?

खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेले सत्तरीचे आजोबा. शस्त्रक्रियेनंतरचा तिसरा दिवस. सकाळच्या फेरीला आलेले डॉक्टर हसून म्हणतात, "काय आजोबा, आज उठायचं बरं का. वॉकर घेऊन थोडं चालायचं." आजोबा भिंतीकडे तोंड फिरवतात. मुलगा समजावतो, सिस्टर दटावतात. शेवटी आजोबा म्हणतात, "चालतो की. पण साहेब, चालून जायचं कुठं? संडासापर्यंत तर जाऊन आलोच."

सगळे हसतात आणि फेरी पुढच्या खाटेकडे सरकते. पण आजोबांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दवाखान्यात 'चाला' असे सांगणारे पुष्कळ असतात. चालून कुठे पोचायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. एका बाजूला स्ट्रेचरची ये-जा, दुसऱ्या बाजूला नातेवाइकांच्या वळकट्या आणि डबे, मध्ये नुकतीच पुसलेली ओली फरशी. अशा व्हरांड्यात धडधाकट माणसाचेही पाऊल अडखळते. नुकते हाड जोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला तिथे धीर कसा व्हावा?

या प्रश्नाचे एक वेगळेच उत्तर जर्मनीतील एका रुग्णालयाच्या आवारात पाहायला मिळते. आज त्याची ओळख करून घेऊ. तसे काही आपल्याकडे थोडक्यात कसे जमेल, तेही पाहू.

अंथरुणाचा आजार

आधी चालणे एवढे महत्त्वाचे का, ते समजून घ्यायला हवे. 'आजारी माणसाने पडून राहावे' ही आपल्याकडची जुनी समजूत. पूर्वी डॉक्टरही बाळंतिणीला आणि हृदयविकाराच्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवत. आता वैद्यकशास्त्राचे मत बदलले आहे. पडून राहिल्याने पायातील रक्ताभिसरण मंदावते आणि शिरांमध्ये गुठळी होण्याची भीती असते. अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो. पाठीला आणि माकडहाडाला जखमा पडतात. बद्धकोष्ठ होते, भूक मरते आणि झोपेचे वेळापत्रक उलटेपालटे होते.

स्नायूंचे नुकसान तर फारच झपाट्याने होते. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट ज्येष्ठ नागरिकांना १० दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले होते. त्यांना आजार काहीच नव्हता. तरी तेवढ्या दिवसांत त्यांच्या पायांतील स्नायू व इतर मांसल भाग मिळून सुमारे १ किलोने घटला. जे निरोगी माणसाचे झाले, ते आजाऱ्याचे, त्यातून जेवण तुटलेल्या आजाऱ्याचे किती होत असेल याची कल्पना करावी. म्हणूनच खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर शक्य असेल तर दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उभे करण्याचा डॉक्टरांचा आग्रह असतो. त्यात घाई नसते, काळजी असते.

पण स्नायूंना चालायचे असले तरी मनाला कारण लागते. शेतावर जायचे, देवळात जायचे, पारावर जायचे म्हटले की पाय आपोआप निघतात. 'वीस पावले चाला' म्हटले की ती वीस पावले डोंगरासारखी वाटतात.

नेकर नदीकाठचे शिल्पउद्यान

हायडेलबर्ग हे जर्मनीतील नेकर नदीच्या काठी वसलेले जुने गाव. तेथील विद्यापीठ १३८६ सालचे, जर्मनीतील सर्वात जुने. गावाच्या पूर्वेला श्लीरबाख नावाच्या भागात या विद्यापीठाचे अस्थिरोग रुग्णालय आहे. हाडे, सांधे आणि मणके यांचे उपचार, पाठीच्या कण्याला इजा होऊन पाय लुळे पडलेल्यांचे पुनर्वसन आणि कृत्रिम अवयव ही या संस्थेची ख्याती.

या रुग्णालयाच्या बागेत १९९५ साली एक शिल्पउद्यान सुरू झाले. हिरवळीवर, झाडांच्या सावलीत आणि वाटांच्या कडेला समकालीन शिल्पकारांची मोठमोठी शिल्पे मांडण्यात आली. कुठे दगड, कुठे लाकूड, कुठे पोलाद. काही वर्षांनी ती बदलतात आणि नवी येतात. या कामासाठी कलाप्रेमी नागरिकांनी एक मित्रमंडळ स्थापन केले. बाग सर्वांना खुली. रुग्ण येतात, त्यांना भेटायला आलेले नातेवाईक येतात आणि ज्यांचा दवाखान्याशी काही संबंध नाही असे गावकरीही शिल्पे पाहायला येतात.

ही शेवटची गोष्ट वाटते तेवढी किरकोळ नाही. आपल्या मनात दवाखाना म्हणजे नाइलाजाने जायची जागा. तिथे माणूस गेला की तो 'पेशंट' होतो. त्याचे नाव जाऊन खाटेचा नंबर येतो. बागेत मात्र चाकाच्या खुर्चीवरचा रुग्ण आणि रविवारी फिरायला आलेले कुटुंब एकाच शिल्पासमोर थांबते आणि "हे काय असेल हो?" असे एकमेकांना विचारू शकते. निदान तेवढा वेळ दोघेही नुसते पाहणारे असतात. आजाराबद्दल न बोलता परक्या माणसाशी दोन शब्द बोलायला मिळणे ही रुग्णाच्या दृष्टीने फार मोठी चैन आहे.

आणि बागेतल्या शिल्पात आणखी एक गुण असतो. ते दूर दिसते. 'आज त्या दगडापर्यंत, उद्या त्याच्या पलीकडच्या लाकडी खांबापर्यंत' असा टप्पा ठरवता येतो. पोचल्यावर त्याला हात लावता येतो, मागून कसे दिसते ते पाहण्यासाठी वळसा घालता येतो. चित्र एका जागी बसून पाहता येते. शिल्प पाहायचे तर त्याच्याभोवती फिरावे लागते. अस्थिरोगाच्या रुग्णाला याहून वेगळा व्यायाम काय सांगायचा?

अपुऱ्या शरीराची गोष्ट

या रुग्णालयाच्या इतिहासात एक दुःखद प्रकरण आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध 'कॉन्टरगान' या नावाने बाजारात आले. गरोदर स्त्रियांनीही ते घेतले. १९६१च्या अखेरीस ते मागे घेण्यात आले. तोपर्यंत जगभरात हजारो बालके हात किंवा पाय आखूड असलेली, काही तर हातांविना जन्माला आली होती. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून गरोदरपणी कोणतेही औषध घेऊ नये, असे आम्ही या पानावर वारंवार लिहितो, त्यामागे हा इतिहास आहे.

या मुलांसाठी हायडेलबर्गला डॉ. अर्न्स्ट मार्क्वार्ट यांनी वायूच्या दाबावर चालणारे कृत्रिम हात बसवण्याचे काम केले. यंत्र कुशल होते. तरी पुष्कळ मुलांना ते जड झाले. ती पायाच्या बोटांनीच लिहू लागली, जेवू लागली. शरीर पुरे दिसण्यापेक्षा त्याचा उपयोग करता येणे मोठे, हे त्या मुलांनीच डॉक्टरांना शिकवले.

आपल्याकडे खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत. पण घारापुरीच्या लेण्यांत गेलेला माणूस हात तुटलेल्या, पाय झिजलेल्या मूर्तींपुढे तास न् तास उभा राहतो. उरलेल्या भागात एवढे सौंदर्य असते की तुटलेल्याकडे लक्ष जात नाही. पाय कापलेल्या तरुणाला हे शब्दांत सांगायला गेलो तर तो चिडेल, आणि त्यात त्याचे चूकही नाही. पण अपुऱ्या आकारांच्या सहवासात तो रोज अर्धा तास बसला, तर न सांगताही त्याला काही उमगू शकते.

शिल्पकार आणि डॉक्टर: जुनी सोयरीक

शिल्पकाराचे दवाखान्यात काय काम, असे कोणी विचारील. काम आहे आणि ते जुने आहे. पहिल्या महायुद्धात बंदुकीच्या गोळ्यांनी आणि तोफगोळ्यांनी चेहरे उद्ध्वस्त झालेले सैनिक लंडनला येत. फ्रान्सिस डर्वेंट वूड हा शिल्पकार तेथील एका लष्करी रुग्णालयात साधा मदतनीस म्हणून भरती झाला होता. त्याने या सैनिकांसाठी तांब्याच्या पातळ पत्र्याचे, चेहऱ्याच्या रंगाशी जुळवून रंगवलेले मुखवटे घडवले. अ‍ॅना कोलमन लॅड या अमेरिकन शिल्पकार बाईंनी पॅरिसमध्ये हेच काम केले. या मुखवट्यांमुळे रस्त्यातून जाण्याचे धैर्य सैनिकांना आले.

आपल्या देशातले उदाहरण तर जगप्रसिद्ध आहे. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात १९६०च्या दशकाच्या अखेरीस 'जयपूर फूट' तयार झाले. त्यामागे अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांच्याबरोबर रामचंद्र शर्मा हे मूर्ती घडवणारे कारागीर होते. परदेशी कृत्रिम पायाला बूट लागे आणि मांडी घालून किंवा उकिडवे बसता येत नसे. शर्माजींच्या हाताला माणसाच्या पावलाची घडण ठाऊक होती. रबराचे असे पाऊल तयार झाले की ते घालून अनवाणी चालता येते, शेतात आणि पाण्यात जाता येते, उकिडवे बसता येते. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. याच पायावर नाचणाऱ्या सुधा चंद्रन यांना 'नाचे मयूरी' या १९८६च्या चित्रपटात आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

शिल्प चुकले तर?

मात्र दवाखान्यात शिल्प उभे केले की रुग्णांना बरे वाटते, असा सरळ हिशेब नाही. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात 'पक्ष्यांची बाग' या नावाने काही शिल्पे उभारण्यात आली होती. धातूचे मोठे, कोनाकोनांचे, टोकदार पक्षी. कर्करोगाच्या रुग्णांना ते खोलीच्या खिडकीतून दिसत. त्यांच्याविषयी कुरकुर सुरू झाली म्हणून १९९०च्या दशकात रुग्णांची मते नोंदवण्यात आली. पाचांतील एकाहून अधिक रुग्णांनी त्या शिल्पांनी त्रास होतो असे सांगितले. जाणकारांना जी कलाकृती वाटत होती, तिच्यात भेदरलेल्या रुग्णाला अंगावर येणारी चोच दिसत होती. अखेर ती शिल्पे तेथून हलवण्यात आली.

स्वीडनमधील उप्साला येथे हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासातही हेच आढळले. झाडे आणि पाणी असलेले निसर्गचित्र समोर लावलेल्या रुग्णांची घालमेल कमी होती. सरळ रेषांचे अमूर्त चित्र लावलेल्यांची मात्र चित्रच नसलेल्यांपेक्षा जास्त होती.

मग हायडेलबर्गच्या बागेत आजच्या काळातली शिल्पे कशी चालतात? आम्हाला वाटते, फरक खिडकीत आणि वाटेत आहे. बागेत माणूस आपल्या पायाने किंवा आपल्या चाकांवर जातो. शिल्प आवडले तर थांबतो, नाही आवडले तर पुढे जातो. खाटेवर खिळलेल्या माणसाला ती मुभा नाही. त्याच्या डोळ्यांपुढे जे ठेवाल, ते त्याला सकाळ-संध्याकाळ सोसावे लागते. म्हणून खिडकीसमोर झाड असावे आणि शिल्प वाटेच्या वळणावर.

खिडकीतल्या झाडाबद्दल एक जुना, प्रसिद्ध अभ्यास आहे. रॉजर उलरिच यांनी तो १९८४ साली मांडला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरीने पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान आहे, त्यावरून झाडाने आजार बरा होतो असे कोणी समजू नये. टाके, प्रतिजैविके आणि ड्रेसिंग यांची जागा बाग घेऊ शकत नाही. पण वेदना थोडी हलकी होत असेल आणि त्यासाठी एक कडुनिंब पुरत असेल, तर तो तोडून वाहनतळ करण्याआधी दहादा विचार करावा.

आपल्याकडे काय करता येईल?

आपल्याकडे दवाखान्याच्या आवारात शिल्प म्हणजे बहुधा देणगीदाराचा अर्धपुतळा. वर्षातून एकदा त्याला हार पडतो. त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच आवारात थोडी जागा रुग्णासाठी करता येईल. पैसा फार लागत नाही, विचार लागतो.

१. वाट सपाट आणि खडबडीत असावी. गुळगुळीत शहाबादी फरशीवर पावसाळ्यात शेवाळ धरते आणि बरा होत आलेला खुबा पुन्हा मोडतो. चढ असेल तर १ फूट उंचीसाठी १२ फूट लांबी ठेवावी. दोन चाकाच्या खुर्च्या शेजारून जाव्यात एवढी, म्हणजे सुमारे ५ फूट रुंदी असावी.

२. थोड्या थोड्या अंतरावर बाक हवेत. बैठक दीड फूट उंच, पाठ टेकायला आणि उठताना हात रोवायला आधार असलेली. नुसता कट्टा तरुणांना ठीक. म्हाताऱ्यांना त्यावरून उठता येत नाही.

३. झाडे सावलीची लावावीत. कण्हेर दिसायला छान, पण तिचा प्रत्येक भाग विषारी असतो. लहान मुले येणाऱ्या जागी ती नको. गाजर गवताने दमा आणि त्वचेची खाज वाढते, ते फुलावर येण्याआधी उपटावे.

४. कारंजे करायचे तर ते चालू ठेवण्याची तयारी हवी. बंद पडलेल्या कारंज्यातील साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण काढून टाकी कोरडी करावी.

५. शिल्पे गावातलीच असू द्यात. कुंभाराने घडवलेला भाजक्या मातीचा बैल, पाथरवटाने घडवलेली गाय, शाळेच्या चित्रकला शिक्षकांनी मुलांकडून करून घेतलेले कासव. कडा गोल, पाया भक्कम, उंची खुर्चीवरून हात पोचेल एवढी. उभारण्याआधी रुग्णांना आणि आयाबायांना कच्चा नमुना दाखवून त्यांचे मत विचारावे. ड्यूकची चूक आपण करू नये.

६. लोखंडी शिल्प उन्हात ठेवू नये. आपल्याकडच्या वैशाखात लोखंड तापले की हात पोळतो. मधुमेहाने ज्यांच्या हातापायांची संवेदना गेली आहे, त्यांना पोळलेलेही कळत नाही. अशांनी तापलेल्या फरशीवर अनवाणी जाऊच नये. सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, पायात नीट बसणारी चप्पल घालून फिरावे.

७. कर्करोगाची औषधे चालू असलेल्या आणि प्रतिकारशक्ती घटलेल्या रुग्णांनी बागेत जाण्याआधी डॉक्टरांना विचारावे. माती उकरणे आणि पालापाचोळा हाताळणे टाळावे. त्यातील बुरशीपासून त्यांना फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो.

रुग्णासाठी चार शब्द

किती चालायचे आणि पायावर किती भार द्यायचा, हे डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट ठरवतात. त्याबाहेर जाऊ नये. पहिले काही दिवस सोबत कोणीतरी हवेच. एका पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली तर चालणे थांबवून लगेच सांगावे. अचानक धाप लागणे, छातीत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काहीही झाले तर क्षणाचाही वेळ न दवडता सिस्टरला हाक मारावी.

नातेवाइकांनाही एक विनंती. सगळ्या दवाखान्यांत बाग होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या माणसाला पोचायला एखादी जागा शोधून द्या. खिडकीतून समोरचे वडाचे झाड दिसत असेल तर त्या खिडकीपर्यंत. आवारात मारुतीची शेंदरी मूर्ती असेल तर तिथपर्यंत. कडुनिंबाखाली चहाची टपरी असेल तर डॉक्टरांना विचारून अर्ध्या कप चहापर्यंत.

आणि परत आल्यावर "किती पावलं चाललात?" असे विचारू नका. "काय बघून आलात?" असे विचारा. भिंतीकडे तोंड फिरवून पडलेले आजोबा या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी तरी नक्की कूस वळवतील.